कोल्हा, खोकड आणि खडकीची कुत्री

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. खडकी म्हटलं की आपल्याला दारूगोळ्याचा कारखाना आठवतो, बॉम्बे सॅपर्स आठवतात, युद्धस्मशान आठवतं, फार तर १८१७ ची लढाई. पण ब्रिटिश अमदानीत याच छावणीच्या नावाने कुत्र्यांचा एक क्लब होता. नाव 'पूना अँड किर्की हाउंड्स'. किर्की म्हणजे आपली खडकी, साहेबाच्या तोंडातली. लाल डगला, काळी टोपी, घोडे, शिंग फुंकणारा माणूस आणि पुढे पळणारी वीस-पंचवीस कुत्री, असं इंग्लंडचं चित्र आपण दिनदर्शिकेवर किंवा बिस्किटांच्या डब्यावर पाहिलेलं असतं. ते चित्र आपल्या मुळा-मुठेच्या माळावर आणून बसवायचा हा प्रयोग होता. तो कसा चालायचा, त्यात माणसं कोण, कुत्री कुठली, घोडेस्वारी कसली, आणि त्याची किंमत कोण मोजत होतं, एवढं आज बघू.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. पाठलाग कोणाचा? इंग्लंडात तो फॉक्सचा. फॉक्स म्हणजे काय, असं कुठल्याही मराठी मुलाला विचारा, तो सांगेल कोल्हा. शाळेत तसंच शिकवलंय. पण आपला कोल्हा हा फॉक्स नाही हो. आपला कोल्हा म्हणजे जॅकल. मोल्सवर्थचा कोश उघडा, तिथे हेच सापडेल. फॉक्सचा खरा भाऊबंद आपल्याकडे आहे, त्याला आपण म्हणतो खोकड. माळरानावर राहणारं, दोन-तीन किलोचं, मोठ्या कानांचं, शेपटीचं टोक काळं असलेलं जनावर. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा द्राक्षांखालचा फॉक्स कोल्हा झाला, कारण पंचतंत्रात लबाडीची खुर्ची आधीपासून कोल्ह्याची होती. करटक आणि दमनक दोघेही कोल्हेच. म्हणजे युरोपात जी भूमिका फॉक्स करतो, ती आपल्याकडे कोल्हा करतो. भाषांतर करणाऱ्यांनी प्राणी बदलला आणि पात्र राखलं. माझ्या मते त्यांनी बरोबरच केलं.

गंमत अशी की इथे आलेल्या इंग्रज शिकाऱ्यांनीही नेमकं तेच केलं. खोकड त्यांच्या खेळाला पुरं पडेना. ते फार लहान. वळणं घेत पळतं आणि चटकन बिळात शिरतं. इंग्लंडचा तांबडा फॉक्स साधारण पाच ते आठ किलोचा, आपला कोल्हा सात ते अकरा किलोचा. कोल्हा लांब पळतो, दमदार पळतो, वास मागे ठेवतो. म्हणून भारतातल्या अशा जवळपास सगळ्या क्लबांनी फॉक्सच्या जागी कोल्हा उभा केला. त्याला लाडाने 'जॅक' म्हणायचे. मुंबईच्या साष्टीत, पेशावरात, क्वेट्ट्यात, उटकमंडला, सगळीकडे हेच. कुत्री फॉक्सहाउंड, शिंग फॉक्सच्या शिकारीचं, पोशाख तोच, आणि पुढे पळतोय आपला काकडीला राजी होणारा कोल्हा. (हशा)

आता खडकीच का? नावातच खडक आहे. घोड्याच्या खुराला ही जमीन काही मऊ गादी नव्हे. पण पेशवाई संपताच इथे छावणी बसली, तोफखाना आला, १८६९ च्या सुमारास सॅपर्स आले. तोफखाना म्हणजे तेव्हा घोडेच, कारण तोफा घोडे ओढायचे. शेजारी पुण्याची छावणी वेगळी. मधे गणेशखिंड, तिथे गव्हर्नरचा वाडा, म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. मुंबई सरकार पावसाळ्यात पुण्याला यायचं. जून ते ऑक्टोबर गव्हर्नर इथे, त्याचे अंगरक्षक घोडेस्वार इथे, सचिवालयातले साहेब इथे, त्यांच्या मडमा इथे. हातात घोडे असलेले, पहाटे मोकळे असलेले, एकमेकांशी स्पर्धा करणारे तरुण अधिकारी एका जागी साठले की असा क्लब निघतोच.

लष्कराचं म्हणणं अर्थात वेगळं. शिकार हा खेळ नाही, ते शिक्षण आहे, असं ते म्हणत. आपण हसू नये, त्यात थोडं तथ्य आहे. त्याचा सगळ्यात चांगला दाखला खडकीचाच आहे, फक्त तो उलट्या बाजूचा आहे. ५ नोव्हेंबर १८१७. बापू गोखल्यांचं घोडदळ इंग्रजांच्या रांगेवर सुटलं. इंग्रजांकडे सारे मिळून २८०० च्या आसपास लोक, आणि पेशव्यांची फौज त्याच्या कितीतरी पट. पेशवे पर्वतीवरून बघतायत. घोडे भरधाव आले आणि इंग्रजांच्या रांगेपुढे दलदल होती, तीत रुतले. मागचे पुढच्यांवर आदळले, आणि रुतलेल्या घोळक्यावर गोळ्यांचा मारा झाला. लढाईचा निकाल फक्त त्या चिखलाने लावला असं मी म्हणणार नाही, पण त्या घोडदळाचा जोर तिथे मोडला हे खरं. तर दोनशे पावलांवरची जमीन घोड्यावर बसल्या बसल्या वाचता येणं, हिरवळ आहे की पाणथळ, ओढ्याचा काठ उतरता आहे की तुटलेला, हे ओळखणं म्हणजे लष्करी विद्या. शिकारीत ती येते, असा त्यांचा दावा होता.

इथे एक घोटाळा होतो तो दूर करून घेऊ. डुकराची शिकार वेगळी. तिच्यात वासावर धावणारा कुत्र्यांचा कळप नसतो. घोडा, भाला आणि रानडुक्कर. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या शिकारीचा वेडा होता. मुंबई इलाख्यात तिच्यासाठी लांब भाला खालून धरून चालवायचे, बंगालकडे आखूड भाला वरून मारायचे, आणि यावरून साहेबलोक अगदी कोल्हापुरी आणि पुणेरी मिसळीसारखे भांडायचे. तो विषय पुन्हा कधीतरी. आजची शिकार वेगळी. हिच्यात माणसाच्या हातात हत्यार नसतं. जे काय करायचं ते कुत्री करतात, माणसं मागून घोड्यावर जातात आणि बघतात.

म्हणून आधी कुत्र्यांकडे. शिकारी कुत्र्यांच्या दोन जाती मनात पक्क्या ठेवा. एक नजरेवर धावणारी, दुसरी नाकावर धावणारी. आपल्याकडची कारवानी किंवा मुधोळ कुत्री नजरेची. लांब पाय, निमुळतं तोंड, पोट आत गेलेलं. ससा दिसला की सुटायचं, काही क्षणांत निकाल. सावज झाडीआड गेलं की त्याचं काम संपलं. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली म्हणून ते नाव. फॉक्सहाउंड याच्या उलट. खांद्याशी साठ सेंटिमीटरच्या आसपास उंच, तीस किलोच्या वर वजन, लोंबते कान, हाडं जाड. तो मुळात वेगाचा नाही, चिकाटीचा आहे. सावज त्याला दिसतच नाही बहुतेक वेळा. पंधरा मिनिटांपूर्वी ते जिथून गेलं तिथला वास तो जमिनीवरून उचलतो आणि धावतो. आणि धावताना ओरडतो. ते ओरडणं महत्त्वाचं, कारण त्यावरून बाकीच्या कुत्र्यांना आणि मागच्या घोडेस्वारांना कळतं की माग लागलाय. अनुभवी कुत्रं ओरडलं तर सगळे त्याच्याकडे धावतात. नवखं कुत्रं ओरडलं तर कोणी फारसं लक्ष देत नाही. माणसांच्या सभांसारखंच ते.

ही कुत्री जोडीने मोजतात. साडेबारा जोड्या म्हणजे पंचवीस कुत्री. नव्या पिल्लाला जुन्या कुत्र्याशी गळ्यात गळा अडकवून शिकवायची पद्धत होती, तिच्यामुळे हा हिशेब. प्रत्येकाला नाव. एका वेतातल्या पिल्लांची नावं बहुधा एकाच अक्षराने सुरू होणारी, आईच्या किंवा बापाच्या अक्षराने. वंशावळी छापून ठेवलेल्या. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकापासूनची फॉक्सहाउंडांची वंशावळीची पुस्तकं आजही मिळतात. खापरपणजोबापर्यंत जाता येतं. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा यावर येणार आहे.

तर असली कुत्री इंग्लंडातून जहाजाने यायची. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला, त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून तीन-चार महिने. नंतर तीन आठवड्यांच्या आसपास. येणारी कुत्री ही तिकडच्या क्लबांनी काढून टाकलेली असायची. कोणाचा वेग जास्त, कोणाचा कमी, कोण आज्ञा पाळत नाही. मुंबईला उतरली की पहिला उन्हाळा ही त्यांची परीक्षा. फॉक्सहाउंड थंड, ओल्या देशाचा. त्याला मार्च-एप्रिलचं पुणं म्हणजे तवा. गोचिडीतून येणारे ताप, आतडी, यकृत, उष्माघात. इथे जन्मलेली पिल्लं जगवणं तर आणखी अवघड, म्हणून भारतातले क्लब नवी कुत्री मागवत राहायचे. सैन्यात रंगरूट भरती करावी तसं.

पण या सगळ्याहून मोठी भीती होती पिसाळण्याची. रेबीज. थोडं नीट ऐका, कारण या विषयात जिवावरची गोष्ट कुठे आहे असं मला विचाराल तर ती इथे आहे. कोल्हा हा रेबीज वाहणारा प्राणी. आणि या खेळात कुत्र्याने कोल्ह्याच्या तोंडाला तोंड भिडवायचं असतं. विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर चावलं गेलेलं कुत्रं बाकीच्यांबरोबर एकाच खोलीत झोपतं, एकाच कुंडातून खातं, भांडतं. एका सकाळी एकाचं लक्षण दिसलं की कोणाकोणाला संसर्ग झालाय हे कळायला मार्ग नाही. मग उपाय एकच, संशय असलेली सगळी कुत्री मारायची. वर्षानुवर्षं जमवलेला कळप एका दुपारी संपायचा.

आणि माणसं? पाश्चरने माणसावरची पहिली लस १८८५ ला दिली. भारतात कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली निघाली, दक्षिणेत कुन्नूरची १९०७ ला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा वर्षांत पुण्यात कुत्रं चावलं तर उपचार होते, पण ते होते पॅरिसला! अधिकाऱ्याला रजा मिळू शकायची, बोटीचं भाडं निघू शकायचं. आता विचार करा, त्या कुत्र्यांना रोज हाताने खाऊ घालणारा, त्यांचे दात-कान बघणारा, भांडणं सोडवणारा माणूस कोण होता? साहेब नव्हता. पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात पहिला हात जाणार तो याचा.

आता माणसांकडे वळू. वरून सुरुवात करतो. सगळ्यांवर मास्टर. हा क्लबचा धनी. वर्गणी गोळा करायची, आणि कमी पडली तर स्वतःच्या खिशातून घालायची. शिकारीच्या दिवशी त्याचा शब्द कर्नलच्या शब्दापेक्षा मोठा. त्याच्या हाताखाली हंट्समन, म्हणजे प्रत्यक्ष कुत्री चालवणारा. लष्करी छावण्यांत पुष्कळदा मास्टर हाच हंट्समन, कारण पगारी माणूस परवडायचा नाही. त्याच्याकडे आखूड तांब्याचं शिंग. आवाज बेसूर, पण एक-दोन मैल जातो. कुत्री त्याच्या शिंगाची भाषा ओळखतात.

हंट्समनच्या दोन बाजूंना दोन मदतनीस, लांब चाबूक घेतलेले. त्यांचं काम भरकटलेल्या कुत्र्याला कळपात परत आणायचं. इंग्रजीत यांना व्हिपर-इन म्हणतात, आणि थोडक्यात व्हिप. ओळखीचा वाटतो ना शब्द? ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या सदस्यांना मतदानाला हाकून आणणाऱ्याला हेच नाव दिलं. मराठीत आपण त्याचा केला प्रतोद. प्रतोद म्हणजेही चाबूकच. तर महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत प्रतोद कोणाचा खरा यावर जी मोठमोठी चर्चा झाली, तिचं मूळ कुत्र्यांच्या कळपात आहे, एवढंच सांगतो आणि पुढे जातो. (हशा आणि टाळ्या)

या तिघाचौघांनंतर येतात बाकीचे स्वार. वर्गणी भरणारे, पाहुणे, बायका. त्यांना नियम कडक. मास्टरच्या पुढे जायचं नाही. कुत्र्यांच्या अंगावर घोडा घालायचा नाही. कुत्री वास शोधत असताना बडबड करायची नाही. पेरलेल्या शेतात शिरायचं नाही, कडेने जायचं. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. बायका तेव्हा एका बाजूला दोन्ही पाय घेऊन बसायच्या, त्या खोगिराला दोन शिंगं असतात, त्यांत पाय अडकवायचा. तशा बसून ओढा उडवायचा म्हणजे कमाल आहे. विसाव्या शतकात हळूहळू त्याही दोन्हीकडे पाय टाकून बसू लागल्या.

पण या चित्रात न दिसणारी माणसं दिसणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. प्रत्येक घोड्यामागे एक मोतद्दार, आणि बहुतेक ठिकाणी गवत कापून आणणारा आणखी एक. शिकार पहाटे उजाडायला सुरू. साहेब चारला उठतो. मोतद्दार दोनला उठतो, खरारा करतो, खोगीर घालतो आणि ठरलेल्या जागेवर घोडा हाताने धरून चालत नेऊन ठेवतो, तीन-चार कोस. साहेब मागून दुसऱ्या घोड्यावर किंवा टांग्यातून येतो. शिकार संपली की घामाने निथळणारा घोडा परत चालवत आणायचा, तोही मोतद्दाराने. शिवाय नालबंद, शिवाय सलोतरी, शिवाय कुत्र्यांचं अन्न शिजवणारा, खोल्या धुणारा.

यातले शब्द बघा जरा. मोतद्दार, नालबंद, सलोतरी, चाबूकस्वार. हे इंग्रजांनी आणलेले नाहीत. हा आपल्या पागेतला शब्दसंग्रह आहे. चाबूकस्वार म्हणजे अडेल घोडा फेरणारा, त्याला चाल शिकवणारा. हे आडनाव पुण्यात आजही आहे. पागनीस आहेत. मराठ्यांच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना होता, तिथे चित्ते, ससाणे, कुत्री, त्यांना सांभाळणारे वंशपरंपरेचे लोक. पेशवाई गेली तेव्हा हजारो घोड्यांच्या पागा मोडल्या. घोड्याची विद्या असलेल्या माणसांना दुसरं काय येणार? छावणीच्या तबेल्यांत काम होतं. म्हणजे इंग्रजी दिसणाऱ्या या खेळाच्या खाली मराठी घोडेविद्येचा एक थर होता असं मी म्हणतो.

आणि आता ती मघाची गोष्ट. कुत्र्यांची नावं, त्यांच्या आया, त्यांचे बाप, सगळं छापील आहे. मोतद्दारांची नावं? शिकारीच्या आठवणींची इंग्रजी पुस्तकं चाळलीत तर 'माझा सईस' एवढंच. फार झालं तर 'माझा म्हातारा विश्वासू सईस'. घोड्याचं नाव त्याच वाक्यात असतं. मला यात दुष्टावा फारसा दिसत नाही, मला सवय दिसते, आणि ती सवय दुष्टाव्यापेक्षा जास्त काळ टिकते.

बरं, एक सकाळ कशी जायची ते बघू. अंधार आहे. ठरलेल्या जागी घोडे उभे. हंट्समन कुत्री घेऊन येतो, ती त्याच्या घोड्याच्या पायांभोवती एका गठ्ठ्यात. पूर्वेला फटफटलं की तो त्यांना एखाद्या ओढ्याकाठच्या झुडपात, बोरी-बाभळीच्या गचपणात सोडतो. कोल्हा रात्रभर चरून तिथे विसाव्याला आलेला असतो. चरून म्हणालो, कारण तो नुसता मांसाहारी नाही. उंदीर, खेकडे, मेलेलं ढोर, बोरं, काकड्या, ऊस, सगळं चालतं त्याला. एखादं कुत्रं पुटपुटतं, मग ओरडतं, मग दुसरं, आणि कोल्हा दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. त्याला थोडी सूट द्यायची असते. लगेच ओरडायचं नाही, नाहीतर तो परत आत वळतो. तो मोकळ्यावर आला की शिंग वाजतं आणि सगळे सुटतात.

हे सगळं पहाटेच का? कारण वास. वास म्हणजे काही भुताटकी नाही. जनावराच्या अंगातून, पंजांतून सुटलेले कण आणि तुडवलेल्या गवताचा रस. जमीन ओली आणि हवेपेक्षा किंचित उबदार असेल तर ते कण जमिनीलगत तरंगत राहतात, नाकाच्या उंचीवर. ऊन चढलं की जमिनीवरची हवा वर उठते, दव उडतं आणि वास विरतो. उन्हाळ्यात दख्खनच्या माळावर आठ वाजता नाक निकामी. म्हणून पाऊस हवा. जुलै ते ऑक्टोबर जमीन ओली, आणि सरकारही पुण्यात. सगळं जुळून आलं म्हणायचं.

जुळून आलं साहेबाचं. कारण जुलै ते ऑक्टोबर म्हणजे आपला खरीप. बाजरी उभी आहे, मूग-मटकी आहे. वास जेव्हा चांगला तेव्हाच शेत भरलेलं. इंग्लंडात हा खेळ हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, पिकं निघाल्यावर. तिथला कुळांना सांभाळून घेणारा जमीनदार स्वतःच घोड्यावर असतो, शेतकऱ्याच्या कोंबड्या गेल्या तर क्लब भरपाई देतो, तो शेतकरीही कधी शिकारीत येतो. वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे. इथे मावळातला किंवा हवेलीतला कुणबी, त्याचा या खेळाशी काय संबंध? कडेने जायचं हा नियम मी मघाशी सांगितला, आणि बरेच जण तो पाळतही असतील. पण कुत्र्यांना बांध कळत नाही. पंचवीस कुत्री बाजरीतून गेली आणि मागे पंधरा घोडे वळले तर कणसाचं काय होतं हे शेतकऱ्याच्या पोराला विचारावं. आणि तक्रार कोणाकडे करायची? ज्याच्याकडे करायची तो कदाचित घोड्यावर होता.

गोऱ्या सोल्जरांची बंदुकीची शिकार आणि गावकरी यांच्यात मारामाऱ्या झाल्या, मोर मारण्यावरून, गुरं मारण्यावरून, गोळी लागून माणसं गेल्यावरून. तेव्हा लष्कराला शिकारीच्या परवान्याचे नियम करावे लागले. म्हणजे सरकारला हा प्रश्न माहीत नव्हता असं नाही. पुण्यात तर वातावरण तापलेलंच होतं. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली ती याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर, गव्हर्नरच्या वाड्यातल्या मेजवानीहून परतताना. प्लेगच्या धाडी आणि शिकार यांचा थेट संबंध मी जोडत नाहीये. पण दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं आणि दुसऱ्याच्या शेतात न विचारता शिरणं, हे रस्त्यालगतच्या गावातून एकाच अंतरावरून दिसत होतं.

यावर एक तोडगा निघाला होता, बऱ्याच छावण्यांनी वापरलेला. ड्रॅग. म्हणजे उग्र वासाचं गाठोडं दोरीला बांधून आदल्या तासाभरात ठरलेल्या वाटेने ओढत न्यायचं. कुत्री त्या वासावर धावतात. कोल्हा नको, पीक वाचतं, उड्या कुठे मारायच्या ते आधी ठरतं. कट्टर शिकारी याला नाकं मुरडायचे, कारण अनपेक्षित काही घडत नाही. मला विचाराल तर यात सगळ्यांचीच सोय होती.

घोडेस्वारीबद्दल बोललं नाही तर अर्धे श्रोते रागावतील. घोडे तीन प्रकारचे. मुंबईच्या बाजारात आखातातून येणारे अरबी, ऑस्ट्रेलियातून जहाजाने येणारे 'वेलर', हे न्यू साउथ वेल्सवरून पडलेलं नाव, आणि इथले देशी. आपलं भीमथडीचं घोडं बुटकं, काटक, दगडधोंड्यात पाय न चुकवणारं. पण साहेबाला उंच घोडा हवा, म्हणून वेलरचा भाव. मराठा स्वाराची मांड आणि इंग्रजी शिकारी मांड यांत फरक होता. आपल्याकडे लांबच्या दौडी, भाला, वळणं, अचानक थांबणं, म्हणून घोडा हातात गोळा केलेला. इंग्रजी शिकारीत सरळ रेषेत पळ आणि उडी. घोड्याने उडी घेताना स्वाराने मागे रेलायचं, अशी जुनी पद्धत होती. इटलीतल्या कॅप्रिली नावाच्या घोडदळ अधिकाऱ्याने १९०० च्या आसपास दाखवून दिलं की पुढे झुकलं तर घोड्याच्या पाठीवरचा भार हलका होतो. आज सगळं जग तसंच उडी घेतं.

उडी कशावरून? इंग्लंडात झुडपांची कुंपणं आणि लाकडी फाटकं. इथे मातीचे बांध, दगडी ताली, निवडुंगाची आणि शेराची कुंपणं. निवडुंगात घोडा शिरला तर आठवडाभर काटे काढत बसा. ओढ्यांचे काठ तुटके. काळ्या रानात पावसाळ्यात चिखल नालेला धरून नाल उपटून काढतो, आणि पाऊस संपून जमीन वाळली की त्याच रानात वीतभर रुंद भेगा, गवताखाली झाकलेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विहिरी. कठडा नसलेल्या, काठावर गवत माजलेल्या पडीक विहिरी. दख्खनच्या शिकाऱ्यांना बिबट्यापेक्षा विहिरीचं भय जास्त असायचं, आणि ते योग्यच होतं.

हे सगळं संपलं कसं? एका दिवसात नाही. आधी मोटार आली. १९३० च्या दशकात तोफखान्याच्या तोफा घोड्यांऐवजी यंत्रांमागे गेल्या, घोडदळांचे घोडे गेले. सरकारी खर्चाने पोसलेला घोडा नसेल तर गरीब लेफ्टनंटला शिकार परवडत नाही. मग १९३९ चं युद्ध, मग १९४७. फाळणीने पेशावर, क्वेट्टा पलीकडे गेले, इकडच्या छावण्यांतले ब्रिटिश अधिकारी मायदेशी गेले. उटकमंडचा क्लब तेवढा उरला, कारण जवळ वेलिंग्टनला लष्कराचं स्टाफ कॉलेज आलं आणि भारतीय अधिकाऱ्यांनी तो चालू ठेवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मूळ अर्थच बदलला. आणि खुद्द इंग्लंडात २००४ चा कायदा झाला, फेब्रुवारी २००५ पासून कुत्र्यांनी फॉक्स मारणं बेकायदा ठरलं. तिथे हा वाद फार कडवट झाला, लंडनमध्ये लाखो लोकांचे मोर्चे निघाले. तेही आज कायद्याने गाठोड्याच्या वासामागेच धावतात.

वेळ होत आलाय, एक प्रश्न घेतो. हां, मागून विचारताहेत की कोल्हा आणि खोकड ओळखायचं कसं. सोपं आहे. आधी आकार बघा, खोकड मांजरापेक्षा थोडं मोठं, कोल्हा गावठी कुत्र्याएवढा. मग कान, खोकडाचे डोक्याच्या मानाने मोठे. शेपूट जाड, झुपकेदार, आणि टोक स्पष्ट काळं दिसलं, आणि अंग लहानसं राखाडी असलं, तर खोकड. कोल्ह्याच्याही शेपटीला टोकाशी काळपट छटा असते, म्हणून नुसत्या शेपटीवर जाऊ नका. कोल्हेकुई ऐकली तर प्रश्नच नाही, खोकड तसं कोरसमध्ये रडत नाही. कोल्हा आता उसात राहतो, पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या वेळी त्याची पिल्लं सापडतात. खोकडाला मात्र माळच लागतो, उघडा, बुटक्या गवताचा, ज्याला आपण पडीक म्हणतो आणि प्लॉट पाडतो. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला जाल, तेव्हा गाडी थांबवून जरा खाली जमिनीकडेही बघा. उंचवट्यावर दोन-तीन तोंडांचं बीळ दिसेल, बाहेर ताजी माती उकरलेली. तिथे बसू नका, लांबून बघा. संध्याकाळी सहाच्या सुमारास ते बाहेर येतं.